वाचक विचारतात : डॉली पार्टन यांचे गाणे, पडदा आणि पाळणे

मागील अंकात अमेरिकेतील कंट्री संगीताचा परिचय करून देताना आम्ही डॉली पार्टन यांच्याविषयी जेमतेम एक परिच्छेद लिहिला होता. गाणे, चित्रपट, दूरचित्रवाणी आणि थीम पार्क अशा चारही ठिकाणी नाव कमावणाऱ्या या गायिकेविषयी अधिक सांगावे, अशी मागणी करणारी बरीच पत्रे त्यानंतर आली. त्यांतील सारख्या आशयाचे प्रश्न एकत्र करून त्यांची उत्तरे येथे देत आहोत.

प्रश्न : डॉली पार्टन मूळच्या गायिका. मग त्या दूरचित्रवाणीकडे आणि चित्रपटांकडे वळल्या कशा? गाण्यात नाव झाल्यावर पडद्याकडे जाणाऱ्या कलावंतांपैकीच त्या एक आहेत का?

उत्तर : चित्रपटांच्या बाबतीत तसे म्हणता येईल, दूरचित्रवाणीच्या बाबतीत मात्र क्रम उलटा आहे. १९ जानेवारी १९४६ रोजी टेनेसी राज्याच्या पूर्व भागात, स्मोकी डोंगररांगांतील सेव्हियर काउंटीत त्यांचा जन्म झाला. बारा भावंडांतील त्या चौथ्या. वडील तंबाखूची शेती करीत आणि त्यांना लिहितावाचता येत नव्हते. बाळंतपणाला आलेल्या डॉक्टरांची फी रोख देणे शक्य नसल्याने त्यांना मक्याच्या पिठाचे पोते देण्यात आले, ही हकिकत पार्टन अनेकदा सांगतात. जवळच्या नॉक्सव्हिल शहरात कॅस वॉकर नावाचे किराणा दुकानांच्या साखळीचे मालक आपल्या दुकानांची जाहिरात व्हावी म्हणून रेडिओवर आणि टीव्हीवर गाण्याबजावण्याचे कार्यक्रम चालवीत. वयाच्या दहाव्या वर्षापासून डॉली तेथे गाऊ लागल्या. त्या टीव्हीवर दिसू लागल्या तेव्हा त्यांच्या स्वतःच्या घरी टीव्ही आलेला नव्हता.

तेराव्या वर्षी नॅशव्हिलच्या ‘ग्रँड ओल ऑप्री’ या कंट्री संगीताच्या सर्वांत मानाच्या मंचावर त्या प्रथम गायल्या. १९६४ मध्ये शाळा संपली आणि दुसऱ्याच दिवशी त्यांनी नॅशव्हिलची बस पकडली. खरी ओळख मिळाली ती १९६७ मध्ये, कंट्री गायक पोर्टर वॅगनर यांच्या साप्ताहिक कार्यक्रमात त्यांची निवड झाल्यावर. हा अर्ध्या तासाचा कार्यक्रम कोणत्याही एका मोठ्या वाहिनीचा नव्हता. तो ध्वनिचित्रमुद्रित करून गावोगावच्या स्थानिक केंद्रांना स्वतंत्रपणे विकला जाई आणि त्याचा खर्च एक औषध कंपनी उचलत असे. पार्टन यांच्या आधी तेथे नॉर्मा जीन गात असत. सुरुवातीचे काही महिने प्रेक्षक डॉली गात असतानाही नॉर्मा जीन यांच्याच नावाने ओरडत. अशा नाराज प्रेक्षकांसमोर दर आठवड्याला उभे राहून, वॅगनर यांच्याबरोबर युगुलगीते गात आणि मधूनमधून प्रायोजकाच्या औषधाची भलामणही करत त्यांनी सात वर्षे काढली. कॅमेऱ्याकडे पाहून घरात बसलेल्या माणसाशी थेट बोलल्यासारखे बोलण्याची त्यांची हातोटी याच काळात तयार झाली असावी, असे जुन्या चित्रफिती पाहताना वाटते.

प्रश्न : एल्विस प्रेस्ली यांना आपले गाणे देण्यास त्यांनी नकार दिला, असे वाचले होते. एवढ्या मोठ्या गायकाला नकार देण्यामागचे कारण काय?

उत्तर : नकार गायकाला नव्हता, अटीला होता. १९७३ च्या सुमारास पार्टन यांनी वॅगनर यांचा कार्यक्रम सोडण्याचे ठरवले. वॅगनर त्यांना सोडायला तयार नव्हते आणि वाद घालून काही साधेना, तेव्हा पार्टन यांनी निरोपाचे गाणे लिहून त्यांना ऐकवले. ते ‘आय विल ऑल्वेज लव्ह यू’. हे गाणे १९७४ मध्ये कंट्री गाण्यांच्या यादीत पहिल्या क्रमांकावर पोचले आणि पुढे प्रेस्ली यांना ते गावेसे वाटले. मात्र त्यांचे व्यवस्थापक कर्नल टॉम पार्कर यांचा शिरस्ता असा होता की, प्रेस्ली जे नवे गाणे ध्वनिमुद्रित करतील त्याच्या प्रकाशनहक्कांतील निम्मा वाटा त्यांच्या बाजूला मिळालाच पाहिजे. पार्टन यांनी ते मान्य केले नाही. त्या रात्री आपण रडलो, असेही त्यांनी मोकळेपणाने सांगितले आहे.

या निर्णयाचे मोल समजण्यासाठी गाण्याच्या व्यवहाराचे दोन भाग ध्यानात घ्यावे लागतात. गाण्याचे शब्द व चाल यांवरील हक्क हा एक, आणि विशिष्ट गायकाने केलेल्या ध्वनिमुद्रणावरील हक्क हा दुसरा. अमेरिकेत नेहमीच्या रेडिओवर गाणे वाजते तेव्हा पैसे गीतलेखक आणि प्रकाशक यांना मिळतात, गायकाला मिळत नाहीत. म्हणजे गाणे कोणीही गावो, पहिला वाटा ज्याने लिहिले आणि ज्याने हक्क सांभाळले त्याचा. पार्टन यांच्याकडे या दोन्ही भूमिका होत्या. तरुणपणीच मामा बिल ओवेन्स यांच्यासोबत त्यांनी स्वतःची प्रकाशनसंस्था काढली होती. १९९२ मध्ये व्हिटनी ह्यूस्टन यांनी ‘द बॉडीगार्ड’ या चित्रपटासाठी हेच गाणे गायले आणि ते अमेरिकेतील मुख्य यादीत सलग १४ आठवडे अव्वल राहिले. त्या १४ आठवड्यांचा, आणि त्यानंतर आजतागायतचाही, लेखिकेचा व प्रकाशकाचा वाटा वाटणीविना पार्टन यांच्याकडे आला. त्यांच्या चित्रपटांविषयी आणि उद्यानाविषयी पुढे जे लिहिले आहे, ते या एका नकाराच्या उजेडात वाचावे, असे आम्हाला वाटते. आपल्या नावावर आणि आपल्या गाण्यांवर दुसऱ्याची मालकी येऊ द्यायची नाही, हा त्यांचा आग्रह पुढे प्रत्येक ठिकाणी दिसतो.

प्रश्न : ‘नाइन टु फाइव्ह’ हा त्यांचा पहिला चित्रपट असूनही एवढा गाजला, याचे श्रेय त्यांच्या अभिनयाला द्यावे का? नंतर त्या फारशा चित्रपटांत दिसल्या नाहीत, असे का?

उत्तर : श्रेय देताना आधी जेन फोंडा यांचे नाव घ्यायला हवे. कार्यालयांत काम करणाऱ्या बायकांची १९७३ मध्ये बॉस्टनमध्ये सुरू झालेली एक संघटना होती. कमी पगार, रखडलेली बढती आणि साहेबाची चहाकॉफी आणून देण्यासारखी कामे यांविरुद्ध ती लढत असे. तिच्या कार्यकर्त्यांशी फोंडा यांची ओळख होती आणि या विषयावरचा चित्रपट त्यांना काढायचा होता. रटाळ प्रचारपट होऊ नये म्हणून त्याची विनोदिका झाली, दिग्दर्शन कॉलिन हिगिन्स यांनी केले, आणि फोंडा व लिली टॉमलिन यांच्या जोडीला तिसरी नायिका म्हणून डोरॅली या सेक्रेटरीच्या भूमिकेसाठी पार्टन यांना विचारण्यात आले. चित्रपटाचे शीर्षकगीत आपणच लिहू, या अटीवर त्यांनी होकार दिला.

चित्रीकरणाचा अनुभव नसल्याने त्या संपूर्ण पटकथा, स्वतःच्याच नव्हे तर सगळ्यांच्या संवादांसह, पाठ करून गेल्या होत्या. चित्रपटात दृश्ये वाटेल त्या क्रमाने आणि तुकड्यातुकड्याने चित्रित होतात, हे त्यांना तेथे गेल्यावर कळले. दोन दृश्यांच्या मध्ये ताटकळत बसावे लागे, तेव्हा त्या आपली लांबलचक कृत्रिम नखे एकमेकांवर घासत आणि त्यातून टंकलेखन यंत्राच्या खडखडीसारखा ठेका निघे. त्या ठेक्यावर शीर्षकगीत आकाराला आले आणि पुढे ध्वनिमुद्रणातही नखांचा तो आवाज वापरण्यात आला. गाणे नीट ऐकल्यास यंत्राच्या खटखटीबरोबर तो मिसळलेला जाणवतो. डिसेंबर १९८० मध्ये प्रदर्शित झालेल्या या चित्रपटाने अमेरिकेत १० कोटी डॉलरहून अधिक कमाई केली. गाणे १९८१ मध्ये पॉप आणि कंट्री अशा दोन्ही याद्यांत पहिल्या क्रमांकावर गेले, त्याला दोन ग्रॅमी पुरस्कार मिळाले आणि ऑस्करचे नामांकनही मिळाले.

आता अभिनयाविषयी. पार्टन यांच्या अभिनयाचा पल्ला मोठा आहे, असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. त्यांच्या भूमिका त्यांच्या स्वतःच्या व्यक्तिमत्त्वाच्या जितक्या जवळ, तितक्या त्या खुलल्या. डोरॅलीकडे सगळे कार्यालय भडक कपडे घालणारी, साहेबाच्या मर्जीतली बाई म्हणून पाहते आणि प्रत्यक्षात ती सरळ, कष्टाळू, संसारी स्त्री असते. पार्टन यांच्याकडे जग ज्या नजरेने पाहत होते तिचाच तो विनोद होता आणि म्हणून तो अचूक बसला. १९८२ मध्ये बर्ट रेनॉल्ड्स यांच्यासोबतचा संगीतपट आला. त्यात ‘आय विल ऑल्वेज लव्ह यू’ पुन्हा गायले गेले आणि त्याच गायिकेचे तेच गाणे कंट्री यादीत दुसऱ्यांदा पहिले आले. १९८४ मध्ये सिल्व्हेस्टर स्टॅलोन यांच्यासोबतचा ‘राइनस्टोन’ सपशेल कोसळला. स्टॅलोन यांना गायला लावण्याची कल्पना कोणाची होती, हा प्रश्न समीक्षकांना तेव्हाही पडला होता. गंमत अशी की, त्या पडलेल्या चित्रपटासाठी पार्टन यांनी लिहिलेले एक गाणे मात्र यादीत पहिल्या क्रमांकावर पोचले.

आमच्या मते त्यांचे सर्वांत चांगले काम १९८९ च्या ‘स्टील मॅग्नोलियाज’मध्ये आहे. रॉबर्ट हार्लिंग यांनी मधुमेहाने दगावलेल्या आपल्या बहिणीवर लिहिलेल्या नाटकावरून तो केला होता आणि त्याचे चित्रीकरण लुइझियाना राज्यातील नॅकिटश या छोट्या शहरात झाले. सॅली फील्ड, शर्ली मॅक्लेन, ऑलिंपिया डुकाकिस आणि तेव्हा नवख्या असलेल्या ज्युलिया रॉबर्ट्स अशा फळीत पार्टन यांनी ब्यूटी पार्लर चालवणाऱ्या ट्रूव्हीची भूमिका केली. दुसऱ्याच्या केसांत हात घालून बोलत राहणारी, गावाची सगळी दुःखे जिच्या खुर्चीत येऊन बसतात अशी ती बाई आहे, आणि पार्टन तेथे नायिका होण्याचा प्रयत्न अजिबात करत नाहीत. १९९२ चा ‘स्ट्रेट टॉक’ बेताचाच चालला. त्यानंतर मोठ्या पडद्यावर त्या तुरळकच दिसल्या. चाळिशीपुढच्या अभिनेत्रीला मुख्य भूमिका देण्यात हॉलिवूडला असलेली अनास्था हे त्याचे एक कारण आहेच, पण तोवर त्यांचे लक्षही दुसरीकडे गुंतले होते.

प्रश्न : टीव्हीवर एवढा अनुभव असूनही त्यांचे स्वतःच्या नावाचे कार्यक्रम बंद पडले, हे खरे आहे का?

उत्तर : खरे आहे, आणि तेही दोनदा. पहिला १९७६ मधला. गाणी, पाहुणे आणि थट्टामस्करी अशा मिश्र स्वरूपाचा तो कार्यक्रम एका हंगामानंतर त्यांनीच थांबवला, कारण सततच्या गाण्याने आणि बोलण्याने गळ्यावर ताण येऊ लागला होता. दुसरा १९८७ मध्ये एबीसी या राष्ट्रीय वाहिनीवर मोठा गाजावाजा करून सुरू झाला. दोन वर्षांच्या करारातून त्यांना मिळणाऱ्या रकमेची तेव्हाच्या वृत्तपत्रांत भरपूर चर्चा झाली. पण कार्यक्रम पहिल्याच हंगामात आटोपला. गाणी, नाच आणि प्रहसने एकत्र बांधून सादर करण्याचा प्रकार १९६०–७० च्या दशकांत अमेरिकी घराघरांत चाले. १९८७ पर्यंत त्या प्रेक्षकापुढे केबलच्या कितीतरी वाहिन्या आल्या होत्या आणि संगीतासाठी तरुण मंडळी एमटीव्हीकडे गेली होती. शिवाय हॉलिवूडच्या लेखकांनी लिहिलेली चकचकीत प्रहसने पार्टन यांच्या तोंडी परकी वाटत. जुन्या साच्यात नवा पैसा ओतून तो साचा काही जिवंत होत नाही.

तथापि टीव्हीवरील त्यांचे दुसरे काम, जे बहुतेकांना ठाऊक नाही, ते अधिक टिकाऊ निघाले. १९८६ मध्ये व्यवस्थापक सँडी गॅलिन यांच्याबरोबर त्यांनी ‘सँडॉलर’ ही निर्मितीसंस्था स्थापन केली. एड्सने मृत्यू पावलेल्यांच्या स्मरणार्थ शिवलेल्या गोधडीवरील ‘कॉमन थ्रेड्स’ या १९८९ च्या माहितीपटाला ऑस्कर मिळाले. त्याच्या निर्मितीत ही संस्था सहभागी होती. १९९१ चा ‘फादर ऑफ द ब्राइड’ हा चित्रपटही तिच्या सहभागाने झाला. आणि रक्तपिपासू पिशाच्चांशी लढणाऱ्या शाळकरी मुलीची ‘बफी द व्हॅम्पायर स्लेयर’ ही १९९७ ते २००३ या काळात चाललेली मालिका पाहताना प्रत्येक भागाच्या शेवटी सँडॉलरचे बोधचिन्ह झळकून जाई. त्यामागे डॉली पार्टन असतील, अशी शंका त्या मालिकेच्या चाहत्यांपैकी किती जणांना आली असेल, कोण जाणे.

पुढे त्या पुन्हा स्वतःच्या गोष्टीकडे आल्या. लहानपणी आईने चिंध्या जोडून शिवलेल्या कोटावर त्यांनी १९७१ मध्ये ‘कोट ऑफ मेनी कलर्स’ हे गाणे केले होते. २०१५ मध्ये एनबीसी वाहिनीवर त्याच नावाचा दूरचित्रपट आला, तो मोठ्या प्रेक्षकवर्गाने पाहिला आणि पुढच्याच वर्षी त्याचा दुसरा भागही निघाला. २०२० मध्ये नेटफ्लिक्सवर आलेल्या त्यांच्या ‘ख्रिसमस ऑन द स्क्वेअर’ या संगीतपटाला २०२१ मध्ये सर्वोत्कृष्ट दूरचित्रपटाचा एमी पुरस्कार मिळाला.

प्रश्न : ‘डॉलीवूड’ हे थीम पार्क त्यांनी शून्यातून उभारले का? कलावंताच्या नावावर एवढे मोठे उद्यान जवळपास चाळीस वर्षे कसे चालते?

उत्तर : शून्यातून नाही. आमच्या मते त्याच्या यशाचे निम्मे कारण तेथेच आहे. सेव्हियर काउंटीतील पिजन फोर्ज या गावी १९६१ मध्ये ‘रेबेल रेलरोड’ नावाने एक करमणुकीची जागा सुरू झाली. अमेरिकी यादवी युद्धाचे ते शताब्दी वर्ष होते. जुन्या वाफेच्या आगगाडीत पर्यटकांना बसवायचे आणि वाटेत उत्तरेकडील सैनिकांच्या हल्ल्याचे नाटक करायचे, असा तो खेळ होता. १९७० मध्ये अमेरिकन फुटबॉलच्या क्लीव्हलँड ब्राउन्स संघाच्या मालकांनी ती जागा घेतली आणि ‘गोल्डरश जंक्शन’ असे नाव देऊन तिला जुन्या पश्चिमेचा मुलामा चढवला. १९७६ मध्ये मिझुरी राज्यातील ब्रॅन्सन येथे ‘सिल्व्हर डॉलर सिटी’ चालवणाऱ्या हर्शेंड बंधूंनी ती विकत घेतली. त्यांनी तेथे लोहार, काचकाम करणारे, पाणचक्की असे डोंगरी हस्तव्यवसाय आणले. या सगळ्या काळात, दर मालकाबरोबर नाव पालटले तरी, आगगाडी तीच राहिली.

पार्टन यांना आपल्या गावाकडे असे काही उभारण्याची इच्छा होती आणि ती त्यांनी मुलाखतींत जाहीरही केली होती. त्यांच्या सल्लागारांपैकी काहींनी हा वेडेपणा असल्याचे सांगून त्यांना परावृत्त करण्याचा प्रयत्न केला. दुसरीकडे, तेवढ्याशा गावात पार्टन यांनी वेगळे उद्यान काढले तर आपले काय होईल, याचा विचार हर्शेंड कुटुंबाला करावाच लागला असता. अखेर दोघे भागीदार झाले आणि ३ मे १९८६ रोजी तेच उद्यान ‘डॉलीवूड’ या नावाने उघडले. पाळण्यांची देखभाल, तिकिटांची व्यवस्था, हजारो माणसांच्या जेवणखाणाची आणि पार्किंगची सोय, ही कामे कलावंताच्या नावाने होत नाहीत. ती वर्षानुवर्षे तोच व्यवसाय केलेल्या लोकांनी सांभाळली. पार्टन यांनी नाव, गाणी, गोष्ट आणि गावाशी असलेले नाते दिले.

जागेचे महत्त्वही मोठे आहे. पिजन फोर्जच्या पलीकडे गॅटलिनबर्ग आणि त्यापलीकडे ग्रेट स्मोकी माउंटन्स राष्ट्रीय उद्यान. हे अमेरिकेतील सर्वाधिक पर्यटक येणारे राष्ट्रीय उद्यान आहे. वर्षाला १ कोटीहून अधिक भेटी तेथे नोंदल्या जातात आणि प्रवेशशुल्क नाही. डोंगर पाहायला निघालेले कुटुंब मुलांसाठी एखादा दिवस डॉलीवूडमध्ये घालवते. केवळ गायिकेच्या चाहत्यांवर विसंबून ही जागा चालली असती, असे वाटत नाही.

याच्या उलट उदाहरणे त्याच राज्यात आहेत. कंट्री गायक कॉनवे ट्विटी यांनी नॅशव्हिलजवळ हेंडरसनव्हिल येथे १९८२ मध्ये ‘ट्विटी सिटी’ सुरू केली. तेथे त्यांचे राहते घरही होते आणि भेटीचे मुख्य आकर्षण ते स्वतःच होते. १९९३ मध्ये त्यांचे निधन झाले आणि पुढच्या वर्षी ती बंद झाली. खुद्द नॅशव्हिलमध्ये १९७२ पासून ‘ऑप्रीलँड’ हे संगीतावर आधारलेले मोठे उद्यान होते. चांगली गर्दी असूनही १९९७ च्या हंगामानंतर मालकांनी ते मोडले आणि त्या जागी मोठे खरेदी संकुल बांधले. एका ठिकाणी सगळे एका माणसावर टेकलेले होते आणि दुसऱ्या ठिकाणी मालकांनाच उद्यान नकोसे झाले होते. डॉलीवूडचे मालक आजही पार्टन आणि हर्शेंड यांची कंपनी हेच आहेत.

उद्यानात काय आहे, असेही काहींनी विचारले आहे. कोळशावर चालणारी वाफेची आगगाडी अजून आहे. तिची इंजिने एके काळी अलास्कातील रेल्वेमार्गावर धावत होती. ती आजही इतक्या खऱ्या अर्थाने कोळसा जाळतात की डोळ्यांत कण जाण्याची शक्यता असल्याची सूचना प्रवाशांना दिली जाते. पाणचक्कीवर दळण दळले जाते आणि तिच्या शेजारी मिळणाऱ्या दालचिनीच्या पावासाठी मोठी रांग लागते. बाळंतपण करणाऱ्या त्या डॉक्टरांच्या, म्हणजे रॉबर्ट एफ. थॉमस यांच्या, नावाचे छोटे चर्च आहे. जखमी होऊन पुन्हा उडू न शकणाऱ्या बॉल्ड ईगल गरुडांचे आश्रयस्थान आहे. पार्टन कुटुंबाच्या लहानशा घराची प्रतिकृती त्यांच्या भावाने बांधली आणि आतली मांडणी त्यांच्या आईने केली. एका कुटुंबाच्या दारिद्र्याचे घर सहलीला आलेले लोक रांगेने पाहून जातात, हे काहींना खटकेल. पण ते घर आईने स्वतः मांडले आहे, ही गोष्ट त्यात फरक करते, असे आम्हाला वाटते.

मोठ्या पाळण्यांत ‘थंडरहेड’ हा २००४ मधील लाकडी रोलर कोस्टर आणि ‘वाइल्ड ईगल’ हा २०१२ मधील, रुळांच्या दोन्ही बाजूंना अधांतरी बसवणारा, अमेरिकेतील आपल्या जातीचा पहिला कोस्टर हे नावाजलेले आहेत. २०१६ च्या ‘लाइटनिंग रॉड’मध्ये गाडी साखळीने ओढण्याऐवजी वेगाने वर फेकण्याची यंत्रणा होती. ती वारंवार बिघडे, म्हणून २०२४ पासून तेथे नेहमीची साखळी बसवण्यात आली. २००१ मध्ये जलोद्यान, २०१५ आणि २०२३ मध्ये दोन मोठी हॉटेले अशी भर पडत गेली आणि आता वर्षाला ३० लाखांच्या आसपास लोक येतात. २०१० मध्ये थीम पार्क क्षेत्रातील ‘अप्लॉज’ हा आंतरराष्ट्रीय पुरस्कारही या उद्यानाला मिळाला.

प्रश्न : डॉली पार्टन स्वतः त्या पाळण्यांत बसतात का?

उत्तर : नाही. फिरत्या पाळण्यात आपल्याला मळमळते, शिवाय विग उडून जाण्याची भीती आहेच, असे त्या हसत सांगतात.

प्रश्न : या उद्योगातून त्या भागातील लोकांना काय मिळाले? की केवळ बाहेरच्या पर्यटकांची सोय झाली?

उत्तर : रोजगार मिळाला, हे उघड आहे. डॉलीवूड हे त्या काउंटीतील मोठ्या रोजगारदात्यांपैकी एक आहे. मात्र पर्यटनातील काम हंगामी असते आणि डोंगरातील एका अख्ख्या भागाने करमणुकीवर जगावे का, हा वाद तेथे पूर्णपणे मिटलेला नाही. फेब्रुवारी २०२२ मध्ये हर्शेंड कंपनीने जाहीर केले की, डॉलीवूडच्या कर्मचाऱ्याला, मग तो हंगामी किंवा अर्धवेळ का असेना, कामाच्या पहिल्या दिवसापासून पुढील शिक्षणाची फी आणि पुस्तकांचा खर्च दिला जाईल. टीकाही झाली आहे. १९८८ मध्ये पिजन फोर्जमध्ये सुरू झालेल्या ‘डिक्सी स्टॅम्पीड’ या भोजनासह होणाऱ्या घोडेस्वारीच्या खेळात उत्तर विरुद्ध दक्षिण अशी गमतीची चुरस असे आणि ज्या दक्षिणेत गुलामगिरी होती तिचे असे लाडके चित्र रंगवावे का, असा प्रश्न २०१७ मध्ये विचारला गेला. २०१८ मध्ये ‘डिक्सी’ हा शब्द, म्हणजे जुन्या दक्षिणेचे लाडके नाव, कार्यक्रमाच्या नावातून काढण्यात आला.

शिक्षणाकडे त्यांनी वैयक्तिक लक्ष घातले. १९८८ मध्ये त्यांनी एक प्रतिष्ठान स्थापन केले. काउंटीतील मुले शाळा अर्धवट सोडत, म्हणून सातवी-आठवीच्या मुलांना जोड्या जमवायला सांगून, दोघांनीही शाळा पूर्ण केल्यास प्रत्येकी ५०० डॉलर देण्याचे वचन त्यांनी दिले. प्रतिष्ठानाच्या आकडेवारीनुसार त्या वर्गांतील गळती ३५ टक्क्यांवरून ६ टक्क्यांवर आली. जोडीदाराचे पैसेही आपल्यामुळे बुडतील, ही भावना पाचशे डॉलरपेक्षा अधिक कामी आली असावी, असा आमचा तर्क आहे.

१९९५ मध्ये ‘इमॅजिनेशन लायब्ररी’ सुरू झाली. नोंदणी केलेल्या प्रत्येक मुलाला जन्मापासून पाच वर्षांचे होईपर्यंत दर महिन्याला एक पुस्तक टपालाने, त्याच्या स्वतःच्या नावाने आणि विनामूल्य येते. श्रीमंत-गरीब असा भेद नाही, त्यामुळे पुस्तक घेण्यात कोणाला कमीपणा वाटत नाही. प्रेरणा निरक्षर वडिलांची, असे पार्टन सांगतात. आरंभी फक्त सेव्हियर काउंटीपुरती असलेली ही योजना २००४ मध्ये टेनेसी राज्यभर आणि पुढे कॅनडा, ब्रिटन, ऑस्ट्रेलिया व आयर्लंड येथे गेली. २०१८ मध्ये १० कोटीव्या पुस्तकाची प्रत अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसला भेट देण्यात आली. मुले पार्टन यांना ‘पुस्तकवाली बाई’ म्हणून ओळखतात, याचे त्या वडिलांना मोठे कौतुक होते. हेच वडील सेव्हियरव्हिलच्या न्यायालयासमोर उभारलेला मुलीचा कांस्यपुतळा, रात्री बादलीभर साबणाचे पाणी नेऊन, कबुतरांची घाण खरवडून स्वच्छ करीत असत.

नोव्हेंबर २०१६ मध्ये गॅटलिनबर्ग परिसरात भीषण वणवा पेटला. त्यात १४ जणांचा जीव गेला आणि शेकडो घरे भस्मसात झाली. घर गमावलेल्या कुटुंबांना सहा महिने दरमहा १००० डॉलर देण्याची योजना पार्टन यांच्या प्रतिष्ठानाने आखली आणि निधी अपेक्षेपेक्षा अधिक जमल्याने शेवटच्या महिन्यात ती रक्कम ५००० डॉलर केली. पैसे कशावर खर्च करायचे, याचा हिशेब मागितला नाही.

प्रश्न : सुरुवात कशापासून करावी, आणि उद्यान पाहायला जायचे असल्यास कधी जावे?

उत्तर : ऐकण्यासाठी ‘कोट ऑफ मेनी कलर्स’ आणि १९७३ चे ‘जोलीन’ घ्यावे. पाहण्यासाठी ‘नाइन टु फाइव्ह’ आधी आणि ‘स्टील मॅग्नोलियाज’ नंतर. ‘राइनस्टोन’ राहिला तरी चालेल. उद्यान साधारणपणे मार्चच्या मध्यापासून जानेवारीच्या आरंभापर्यंत उघडे असते. ऑक्टोबरमध्ये डोंगरावरील पाने रंग बदलतात आणि नोव्हेंबरपासून नाताळची रोषणाई सुरू होते. या दोन्ही काळांत पिजन फोर्जच्या मुख्य रस्त्यावर वाहनांच्या लांब रांगा लागतात, तेव्हा शनिवार-रविवार टाळावा. ज्यांना फक्त मोठ्या पाळण्यांत रस आहे त्यांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी : वादळी पावसाची चिन्हे दिसताच तेथील उंच पाळणे बंद करतात आणि डोंगरात उन्हाळ्यातील दुपारी अशी चिन्हे वारंवार दिसतात. म्हणून पाळणे सकाळी आटोपावेत आणि आगगाडी, घर व गाण्याचे कार्यक्रम दुपारसाठी ठेवावेत.